एएसएमआर लावून खरंच झोप लागते का कुणाला?

झोपमोड_४११०५२:
नमस्कार मंडळी, कर्वेनगरात राहतो, हिंजवडीला कामाला. यूएसवाल्यांचा कॉल संपेपर्यंत रात्रीचे साडेअकरा होतात आणि मग आडवं पडलं तरी डोकं काही बंद होत नाही, एक वाजतो, दीड वाजतो, खाली कुत्री भुंकतायत ते वेगळंच. ऑफिसातल्या एकीने एएसएमआरचे व्हिडिओ पाठवले, कुणीतरी माईकवर ब्रश फिरवतंय, डब्यावर नखं वाजवतंय, हळू आवाजात बोलतंय. आधी हसलो पण ब्रशवाला लागला की मानेमागून सुरसुरल्यासारखं होतं आणि बरं वाटतं. प्रॉब्लेम असा की डोळा लागतोय न लागतोय तोच लोनची जाहिरात कानात केकाटते. शिवाय रूममेटचं म्हणणं हे सगळं 'तसलं' प्रकरण आहे. कुणी रेग्युलर ऐकतं का? इअरफोन घालून झोपलं तर चालतं का?

पेठेतला_निशाचर:
रूममेटला सांग, २०१० मध्ये जेनिफर ॲलन नावाच्या बाईने एएसएमआर म्हणजे 'ऑटोनॉमस सेन्सरी मेरिडियन रिस्पॉन्स' हे नाव मुद्दाम असं जड, शास्त्रीय वाटेल असं ठेवलं ते याच शंकेमुळे. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या स्वॉन्सी युनिव्हर्सिटीच्या दोघांनी ४७५ जणांना विचारलं होतं, त्यात झोपेसाठी ऐकणारे ८२ टक्के आणि 'तसल्या' कारणासाठी ऐकणारे फक्त ५. आता हे सगळे आधीपासूनच एएसएमआर ऐकणारे लोक होते, त्यामुळे ८२ चा आकडा बघून लगेच हुरळून जायचं कारण नाही. २०१८ ला तिथल्याच शेफील्ड युनिव्हर्सिटीवाल्यांनी लॅबमध्ये मोजलं तर ज्यांना ती सुरसुरी येते त्यांचे ठोके मिनिटाला सरासरी तीनेक कमी झाले. ज्यांना येत नाही त्यांना तेवढा फरक नाही. तुला येते ना, मग ऐक की.

तिडीक:
मला नाही येत. उलट ती कुजबुज कानात पडली की डोक्यात तिडीक जाते, आणि त्यात कुणी मचमच करत खात असेल तर फोन भिंतीवर मारावासा वाटतो. याला मिसोफोनिया म्हणतात म्हणे, आमच्याकडे चिडकेपणा म्हणतात. मी तानपुरा लावते बारीक आवाजात, ना कुणी बोलणार ना काही वाजवणार. आणि धागाकर्ते, कॉलच्या वेळी चहा पिता का हो? तो आधी बंद करा मग ब्रश वगैरे.

चंपीप्रेमी:
हे फॅड नवीन नाही राव, फक्त माईक नवीन आहे. आमच्या नारायण पेठेतल्या सलूनमध्ये कटिंग झाल्यावर ते काका कानामागे कात्री नुसतीच हवेत कचकच करतात, केस कापत नाहीत, उगाच, आणि मग त्या मऊ ब्रशने मानेवर पावडर, त्या दोन मिनिटांत मी जवळपास घोरतो. दुसरं म्हणजे चष्म्याचा नंबर काढताना, तो जड फ्रेम नाकावर ठेवून काचा बदलत राहतो, "आता बरं दिसतंय का... आणि आता?" अगदी हळू. मला वाटतं खरी गंमत आवाजात नाहीच, कुणीतरी शांतपणे फक्त आपल्याकडे लक्ष देतंय यात आहे. पुष्करचे ते बाबा सेन आठवतायत का, कॉस्मिक बार्बर? राजस्थानातल्या छोट्याशा दुकानात चंपी करायचे आणि जगभरातले लोक ते व्हिडिओ बघून झोपायचे.

कानसेन_कोथरूड:
जाहिरातीचा इलाज सोपा आहे, व्हिडिओ लावूच नकोस, ऑडिओ फाइल उतरवून ठेव आणि फोन उपडा. स्क्रीन बघत पडलास तर पुढचा, मग त्याच्या पुढचा असं करत तीन वाजतील. आयफोन असेल तर घड्याळातल्या टायमरमध्ये वेळ संपल्यावर प्लेइंग बंद करायचा पर्याय आहे तो लाव, अर्धा तास पुरे. इअरफोनचं म्हणशील तर डावीकडून उजवीकडे फिरणारा आवाज दोन्ही कानात असल्याशिवाय कळत नाही, म्हणून स्पीकरवर ती मजा नाही, पण ते कानात खुपसून कुशीवर झोपलं की सकाळी कान ठणकतो. कापडी हेडबँड मिळतात, आत चपटे स्पीकर असलेले, ते बरे. व्हॉल्यूम इतका कमी ठेव की नीट ऐकायला जरा कान द्यावा लागेल. आणि हे आठवड्यातून तीन रात्री, असं तीन महिने चालू असेल तर डॉक्टरला दाखव, गोळ्या मागायला नाही, निद्रानाशासाठी सीबीटी म्हणून झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलायची थेरपी असते त्याबद्दल विचार.

झोपमोड_४११०५२:
थँक्यू सगळ्यांना. तिडीकताई, चहा दहा वाजता असतो, बघतो कमी करून. रूममेटला ५ टक्केवालं वाचून दाखवलं तर म्हणे तू त्या पाचातला नाहीस कशावरून. तो हेडबँड तुळशीबागेत मिळेल का?

कानसेन_कोथरूड:
तुळशीबागेत केसांचा मिळेल. स्पीकरवाला ऑनलाइनच बघ, धुता येतो का ते आधी वाच, उन्हाळ्यात घामाने वास मारतो.