परदेशात शिकायला गेल्यावरचे पहिले दिवस : ठाणे-नवी मुंबईकरांनो, अनुभव सांगा

नेरुळची आई
लेक मास्टर्सला ड्रेस्डेनला चाललीय, सेमिस्टर ऑक्टोबरपासून. व्हिसा आला, तिकीट झालं, आता हॉलमध्ये सामानाचा ढीग आणि बॅग रोज काट्यावर चढतेय उतरतेय. कन्सल्टंटने ॲडमिशनपर्यंत गोड गोड सांगितलं, पोचल्यावर काय करायचं विचारलं तर म्हणे "हो जाता है मॅडम". ज्यांची पोरं गेलीत किंवा जे स्वतः गेलेत त्यांनी लिहा ना, जर्मनीच पाहिजे असं नाही, कुठलंही शहर चालेल.

पाचपाखाडीकर, सध्या आखेन
काकू, बॅगचं वजन सोडा, खोलीचा पक्का पत्ता झालाय का ते आधी बघा. इथे जर्मनीत सगळं पत्त्यावर अडतं. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत आन्मेल्डुंग म्हणजे पत्त्याची नोंद करायची असते आणि त्याला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, काही जण खोली देतात पण हा कागद द्यायला नाही म्हणतात, त्यामुळे डिपॉझिट भरायच्या आधी ईमेलवर विचारून घ्या.

ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे व्हिसासाठी खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवतो ते खातं, त्यातले वर्षाचे 11,904 युरो एकदम मिळत नाहीत, महिन्याला 992 सुटतात आणि तेसुद्धा इथलं खातं उघडल्यावर. तोवरच्या खर्चाला फोरेक्स कार्डात पैसे हवेतच.

आणि हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. इथल्या पत्त्यात सहसा फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन डब्यावरचं आडनाव बघून पत्र टाकतो, आडनाव नसलं तर पत्र परत जातं. बँकेचं कार्ड, पिनचं वेगळं पाकीट, टॅक्स नंबर सगळं पोस्टानेच. माझ्या डब्यावर आधीच्या भाडेकरूचं नाव तसंच होतं, मग वहीचं पान फाडून आडनाव लिहिलं, वर सेलोटेप मारली, पावसात शाई पसरली तर परत लिहिलं, आणि रोज येताजाता डब्यात डोकावणं हे एक कामच होऊन बसलं.

हो, आणि शनिवारी रात्री पोचू नका. रविवारी दुकानं बंद म्हणजे बंद, आपल्याकडे रात्री अकराला कोपऱ्यावर दूध मिळतं तसलं काही नाही. मोठ्या स्टेशनातलं एखादं दुकान तेवढं उघडं असतं.

वाशीवाला, सध्या मेलबर्न
आमच्याकडे गंमत एअरपोर्टवरच सुरू होते. उतरताना प्रवाशांनी भरायच्या कार्डावर खाण्याचे पदार्थ आणलेत का विचारतात, तिथे सरळ हो लिहायचं. एपीएमसीतून आणलेला मसाला, चटणी सगळं दाखवलं, ऑफिसरने पाकिटं उलटीपालटी करून बघितली, जा म्हणाला. लपवलं तर दंड, सांगितलं तर फार तर काढून घेतात. दुधाच्या मिठाईच्या भानगडीत पडूच नये.
बाकी जुलैत आलात तर स्वेटर हँडबॅगेत ठेवा, इथे तेव्हा हिवाळा. शहराच्या मधल्या भागात ट्राम फुकट आहे, पण हद्द संपली की मायकी कार्ड लागतं.

खारघर टू लीड्स
यूकेचं थोडक्यात. फुलटाइम विद्यार्थ्याला काउन्सिल टॅक्स, म्हणजे राहत्या घरावरचा स्थानिक कर, माफ असतो, पण घरातले सगळे विद्यार्थी असले तर, म्हणून नोकरीवाल्या रूममेटबरोबर राहायच्या आधी विचार करा. आजारी पडायची वाट न बघता जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवा. डिसेंबरात चारच्या आत अंधार पडतो, त्याची सवय मला अजून नाही.

कोपरीचे बाबा
मुलगा टोरांटोला आहे. ताई, एक सांगतो, राग मानू नका, फोनची वेळ ठरवून टाका. सुरुवातीला आमची ही दिवसभर जेवलास का जेवलास का करायची, तिकडे मध्यरात्र असायची नाहीतर पोरगा बँकेच्या लायनीत उभा. आता सकाळी साडेसातला, आमचा चहा होतो तेव्हा, उन्हाळ्यात तिकडे रात्रीचे दहा वाजलेले असतात. पाच मिनिटं बोलतो, पण निवांत बोलतो.

नेरुळची आई
सगळ्यांचे आभार, डब्याचं तर डोक्यातही आलं नसतं. आता शेवटचं विचारते, कुकर न्यायचा का नाही?

पाचपाखाडीकर, सध्या आखेन
न्यायचा, तीन लिटरचा. फक्त शेगडी इंडक्शन आहे का ते आधी विचारा, असेल तर साधा ॲल्युमिनियमचा तापणार नाही, इंडक्शन बेसचा मागा. आणि रिंग जास्तीच्या दोन टाका, कुकरच्या आत.