'कोरस'ला आवर्तन म्हणावं का?

रानजाई
ब्लूज आणि जॅझ शिकणाऱ्या मुलांसाठी एका पाठाचं मराठी करतेय. 'सो व्हॉट' या धुनेत (१९५९) ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस दोन कोरस सोलो वाजवतो, असं एक वाक्य आहे. मी 'दोन आवर्तनं' लिहिलं. तपासणाऱ्यांनी ते खोडून 'दोन ध्रुवपदं' केलं. ध्रुवपद म्हणजे परत परत येणारी ओळ. इथे अर्थ आहे धुनेचा ३२ बारांचा (बार म्हणजे इथे चार मात्रांचा खंड) अख्खा फेरा. ब्लूजमध्ये तोच बहुधा १२ बारांचा. आवर्तन चालेल ना?

मात्रागणित
चालेल, पण खुलासा हवा. १२ बार म्हणजे ४८ मात्रा. आपल्याकडे आपण कुठे आहोत ते ठेक्यावरून कळतं, ब्लूजमध्ये ते कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरांचे गट, सांगतात: पाचव्या बारात मध्यमाचा, सातव्यात परत षड्जाचा, नवव्यात पंचमाचा. शिवाय मुरलेला वादक एका फेऱ्यातलं वाक्य बिनदिक्कत पुढच्या फेऱ्यात नेऊन संपवतो. समेवर मान डोलवणाऱ्याला तिथे चुकल्यासारखं होतं.

जुनापेठकर
कोरसच ठेवा. बार, कॉर्ड, सोलो चालले, मग कोरसनेच काय घोडं मारलंय?

रानजाई
कोरस म्हटलं की मराठी वाचकाला मागे उभं राहून गाणारी मंडळी दिसतात, म्हणून.

शुद्धलेखनी
ताई, इम्प्रोव्हायझेशनला, म्हणजे वाजवता वाजवता रचण्याला, काय केलंत? 'आशुरचना' करा. आपल्याकडे शीघ्रकवी होतेच.

जुनापेठकर
आशुरचना कोण बोलतं? गाणारे 'उपज' म्हणतात. तेच लिहा.

शुद्धलेखनी
उपज वाचलं की मराठी कानाला 'उपजत' ऐकू येतं, जन्माबरोबर आलेलं. शिकणाऱ्या मुलाला नेमका उलटा निरोप जाईल.

मांडवीकाठ
हा मुद्दा मला पटतो. आमचे आजोबा गोव्याहून मुंबईला येऊन हॉटेलांच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. चर्चच्या शाळेत शिकल्यामुळे नोटेशन समोर ठेवलं की वाजवत. सोलो मात्र रेकॉर्डवर सुई पुन्हा पुन्हा ठेवून कानाने उतरवायचे. त्यांचा शब्द 'उतरवणं'च होता, आणि मला तो फार आवडतो: आधी कागदावर उतरतं, मग बोटांत. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करनेही कोवळ्या वयात, १९३७ च्या सुमारास, त्याच वाद्यातल्या लेस्टर यंगचे सोलो असेच घोकले होते. तेव्हा 'उत्स्फूर्त' हा शब्दही अर्धाच खरा.

जुनापेठकर
मग घराण्यातली तालीम वेगळी काय असते? गुरूच्या ताना गळ्यावर चढवल्याशिवाय उपज येत नाही. शब्द बरोबरच आहे, 'उपजत'शी लोकांनी गल्लत करू नये.

मात्रागणित
'सो व्हॉट'ला उपज शोभतं. १६ बार आपल्या काफीचे स्वर, मग ८ बार तेच अर्ध्या स्वराने वर, मग ८ बार परत खाली. एका जागी बसून बढत करायला वाव आहे. पण सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनची 'जायंट स्टेप्स' ही धून घ्या, तेही १९५९ चंच ध्वनिमुद्रण. १६ बारांत तीन षड्ज, आणि तेही भरधाव. रागाची उपज अशा जमिनीवर उभी राहत नाही, कारण षड्जच हलतो. तिथे पहिला रियाज वेगळा असतो: प्रत्येक कॉर्डचा त्याच्यापुरता गंधार आणि निषाद शोधायचा, आणि एका कॉर्डच्या निषादावरून दुसऱ्याच्या गंधारावर जवळच्या वाटेने जायचं. साथीला कोणी नसलं तरी तेवढ्या दोन स्वरांवरून कॉर्ड बदलल्याचं कानाला कळतं. या दोन स्वरांना इंग्रजीत 'गाइड टोन्स' म्हणतात; मराठीत शब्द आहे का, ते आधी बघा.

शुद्धलेखनी
'मार्गदर्शी स्वर'.

जुनापेठकर
सरकारी परिपत्रक वाटतं. 'खुणेचे स्वर' म्हणा.

रानजाई
'खुणेचे स्वर' घेते. आणि आवर्तनाचं काय ठरलं?

शुद्धलेखनी
त्याआधी ब्लू नोटचं, म्हणजे ब्लूजमधल्या त्या कोमल-शुद्धाच्या मधल्या स्वराचं सांगा. तो गंधार कोमल लिहिणार की शुद्ध? मी म्हणेन 'आंदोलित गंधार', दरबारीसारखा.

मांडवीकाठ
दरबारीसारखा मुळीच नाही. दरबारीचा गंधार कोमलाच्याही खाली झुकतो. ब्लूजचा गिटारवादक कोमल गंधाराची तार ओढून शुद्धाकडे नेतो आणि पोचण्याआधी सोडतो. शिवाय साथीच्या कॉर्डमध्ये त्याच वेळी शुद्ध गंधार वाजत असतो. दरबारीत असं कोणी करून दाखवावं.