अंतर्गत लिंकचा मजकूर आणि ब्रेडक्रंब: कुठवर करायचं?

चाकोरी:
मंडळी, वर्डप्रेसवर सायकलदुरुस्तीची साइट आहे, लेख साधारण 400. एक प्लगइन 'ब्रेक' हा शब्द दिसला की त्याला आपोआप लिंक लावतं आणि त्या सगळ्या लिंका 'ब्रेकची ओळख' या एकाच पानावर जातात. हे ठेवावं की काढावं? ब्रेडक्रंबची, म्हणजे पान कुठल्या विभागात आहे ते दाखवणाऱ्या वाटेची, माहिती थीम आणि एसईओ प्लगइन दोघंही देतात. शिवाय सर्च कन्सोलमध्ये (गूगलचं साइटमालकांसाठीचं साधन) ब्रेडक्रंबचं 'आयटम', म्हणजे पायरीचा पत्ता, हे फील्ड नसल्याचा एरर येतोय. आणि डिस्क ब्रेकचे लेख 'ब्रेक' व 'देखभाल' अशा दोन्ही विभागांत आहेत, मग वाट कुठली दाखवायची?

सरळसोट:
आधी ते प्लगइन बंद करा. एकच शब्द शेकडो ठिकाणांहून एकाच पानाकडे बोट दाखवत असेल, तर 'डिस्क ब्रेकचे पॅड बदलणे' आणि 'रिम ब्रेकची केबल ताणणे' या पानांच्या वाट्याला लेखांमधून काहीच येत नाही. वाचक आणि गूगल, दोघांनाही ती पानं सापडायला हवीत. लोक शोधतात तीही बहुधा अशीच नेमकी कामं.

लिंकवर नेमके कुठले शब्द घ्यायचे? आजूबाजूचं वाक्य झाकून फक्त लिंक वाचा. पुढे काय उघडणार हे कळलं पाहिजे. 'अधिक माहितीसाठी इथे क्लिक करा' यातून काही कळत नाही. त्याऐवजी 'ब्रेक दाबल्यावर धातू घासल्याचा आवाज आला, तर आधी डिस्क ब्रेकचे पॅड बदला' असं लिहा आणि लिंक 'डिस्क ब्रेकचे पॅड बदला' एवढ्यावरच ठेवा. अख्ख्या वाक्याला नको. दोन ते पाच शब्द बहुतेक वेळा पुरतात. दर वेळी तेच शब्द हवेत असंही नाही: 'पॅड बदलताना', 'झिजलेले पॅड बदलणे', वाक्यात जे बसेल ते. विभक्ती लागली तरी बिघडत नाही. कीवर्ड जसाच्या तसा राहावा म्हणून वाक्य मोडलं की ते लगेच खटकतं.

उलट चूक जास्त महागात पडते: एकच मजकूर दोन वेगळ्या पानांकडे. 'ब्रेक ट्यूनिंग' एका लेखात डिस्ककडे आणि दुसऱ्यात रिमकडे जात असेल, तर कुठलं पान कशाबद्दल आहे हे तुम्हीच धूसर करताय.

प्रतिमेला लिंक असेल तर तिचा ऑल्ट मजकूरच (कोडमधलं प्रतिमेचं वर्णन) लिंकचा मजकूर धरला जातो, तो रिकामा ठेवू नका. आणि लिंक खरी हवी, म्हणजे एचटीएमएलमधला ए टॅग, ज्याच्या एचरेफमध्ये पत्ता आहे. नुसत्या ऑनक्लिकवर (क्लिक केल्यावर चालणारा कोड) चालणारं बटण गूगलला लिंक म्हणून वाचता येईल याची खात्री नाही.

उंबरा:
ब्रेडक्रंबचं बघू. 'आयटम' नसल्याचा एरर बहुधा मधल्या पायरीचा असतो. मुख्यपान › ब्रेक › डिस्क ब्रेक › पॅड बदलणे, यात 'डिस्क ब्रेक' नावाचं पानच नसेल तर तिथे पत्ता रिकामा जातो. शेवटच्या पायरीला पत्ता नसला तरी चालतं, मधल्यांना लागतो. एकतर त्या विभागाचं पान बनवा, नाहीतर पायरी काढा. रिकामं पान मात्र बनवू नका. दोन ओळींची ओळख आणि लेखांची यादी तरी असू द्या.

थीम आणि प्लगइन यांपैकी एकाचंच मार्कअप, म्हणजे गूगलसाठी कोडमध्ये दिलेली पायऱ्यांची यादी, ठेवा. दोन याद्या असणं हा स्वतःहून एरर नाही, पण एकीत जुनी विभागनावं उरली की शोधत बसावं लागतं. रिच रिझल्ट्स टेस्ट या गूगलच्या साधनात पानाचा पत्ता टाका, याद्या किती आणि प्रत्येकीत काय आहे ते समोर येतं. पोझिशन, म्हणजे पायरीचा क्रमांक, 1 पासून सलग हवी, आणि पानावर दिसणारी नावंच मार्कअपमध्ये हवीत.

दोन विभागांचं म्हणाल तर वाचक सहसा ज्या वाटेनं येईल ती दाखवा, इथे 'ब्रेक'. योस्ट हे एसईओ प्लगइन वापरत असाल तर लेखाच्या पानावर प्रायमरी (मुख्य) विभाग निवडता येतो. यूआरएलची रचना ब्रेडक्रंबशी तंतोतंत जुळायलाच हवी असं नाही, तेवढ्यासाठी पत्ते बदलू नका.

कोपराखळी:
जानेवारी 2025 पासून गूगल मोबाइलवर निकालात ब्रेडक्रंब दाखवतच नाही. मग एवढा खटाटोप कशाला?

उंबरा:
दाखवणं बंद झालं ते मोबाइलवरच्या निकालात, डेस्कटॉपवर अजून दिसतात. आणि तुमच्या पानावरच्या ब्रेडक्रंबच्या लिंका कुठे गेल्या नाहीत. 400 लेखांतून विभागाच्या पानांकडे नीट नावाची लिंक मिळते, तीही हातानं न लावता. फक्त पायरीच्या नावात कीवर्ड कोंबू नका. 'ब्रेक' पुरे, 'सर्वोत्तम सायकल ब्रेक दुरुस्ती माहिती' नको.

चाकोरी:
प्लगइन बंद केल्यावर कुठल्या पानांना लिंका कमी पडतात ते कसं शोधायचं?

सरळसोट:
सर्च कन्सोलच्या लिंक्स अहवालात अंतर्गत लिंकांची संख्या दिसते, पण मजकूर नाही. तिथली मजकुराची यादी बाहेरून आलेल्या लिंकांची असते. मजकुरासाठी स्क्रीमिंग फ्रॉग चालवा, हे लिंकांमागून जात साइटची सगळी पानं वाचणारं (क्रॉल करणारं) सॉफ्टवेअर आहे. फुकट आवृत्ती 500 यूआरएलवर थांबते, म्हणून प्रतिमा, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट आधी वगळा. सगळ्या इनलिंक्स (पानांकडे येणाऱ्या अंतर्गत लिंका) एक्स्पोर्ट करून जिथे त्या पोहोचतात त्या पत्त्यानुसार लावा. मेनू आणि फूटरमधल्या लिंका बाजूला काढल्यावर ज्या पानांना एक-दोनच उरतात, त्यांच्यापासून सुरुवात करा. त्याच यादीत 301 वर (कायमच्या बदललेल्या पत्त्याकडे वळवणं) जाणाऱ्या लिंकाही सापडतील, त्या थेट शेवटच्या पत्त्यावर वळवा. एक मात्र: ज्या पानाला एकही लिंक नाही ते क्रॉलमध्ये येणारच नाही, त्यासाठी साइटमॅपची (साइटवरच्या पानांच्या पत्त्यांची फाइल) यादी शेजारी ठेवून ताडून पाहा.