सकाळच्या यहुदी प्रार्थनेतली स्तोत्रं कमी करावीत का?

अश्दोदकर: रोज सकाळी अमिदाच्या (उभं राहून करायच्या मुख्य प्रार्थनेच्या) आधी तेहिलीममधली, म्हणजे बायबलमधल्या १५० स्तोत्रांच्या संग्रहातली, स्तोत्रं म्हणतात. १४५ ते १५० तर ठरलेलीच, शिवाय १०० आणि आणखी काही. माझं मत स्पष्ट आहे: कामाच्या दिवशी यांना कात्री लावावी. सगळ्यांना निघायची घाई असते, त्यामुळे १४६ ते १४९ नुसती पळवली जातात. बंधनकारक आहेत ते शेमा (देव एकच आहे ही कबुली) आणि अमिदा. मन लावून केलेली थोडी विनवणी बिनमनाच्या पुष्कळ विनवणीपेक्षा बरी, असं शुल्हान आरूख या यहुदी नियमग्रंथाच्या सुरुवातीलाच म्हटलंय. मग १४५ आणि १५० एवढीच म्हणा, पण नीट म्हणा.

सिनेगॉगची_पायरी: अजिबात पटलं नाही. तालमूदात (धर्मगुरूंच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथात) रब्बी सिमलाई सांगतात, आधी देवाची स्तुती, मग मागणं. धावतपळत आलेला माणूस थेट अमिदाला उभा राहिला तर त्याचं डोकं बसच्या वेळेतच अडकलेलं असणार. १४५ च्या वेळी काय होतं ते बघा. ‘तू आपला हात उघडतोस आणि प्रत्येक जिवाची इच्छा पुरवतोस’ ही सोळावी ओळ आली की पुष्कळजण आधी दंडावरच्या, मग कपाळावरच्या तेफिलीनला (प्रार्थनेच्या वेळी बांधायच्या, शास्त्रवचनं असलेल्या डबीला) हात लावतात आणि तो हात ओठांशी नेतात. त्या ओळीला लक्ष नव्हतं, तर ती परत म्हणायची. घाईवर परंपरेनं दिलेला इलाज हा आहे.

अश्दोदकर: तो नियम एका ओळीपुरताच आहे, यातच सगळं आलं. शिवाय उशीर झालेल्यानं जमातीबरोबर (एकत्र प्रार्थना करणाऱ्यांबरोबर) अमिदा साधण्यासाठी स्तोत्रं गाळावीत, हेही शुल्हान आरूखच सांगतो.

सिनेगॉगची_पायरी: ती सवलत उशिरा येणाऱ्याला आहे. तुम्ही तोच सगळ्यांचा नियम करायला निघालात!

तेहिलीमवाली: दादा, वारांची स्तोत्रं पण छाटणार का? जेरुसलेमच्या मंदिरात लेवी (मंदिरसेवेचं कुळ) रोज एक गायचे: रविवारी २४, सोमवारी ४८, असं करत शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, ९२. इ.स. ७० मध्ये मंदिर पडलं, तरी ती म्हणायची राहिली नाहीत. म्हणण्याआधी ‘आज शब्बाथकडे जाणारा पहिला दिवस’ असं सांगतात. मुंबईत रविवारच्या सुट्टीच्या दिवशी ते ऐकलं की आठवडा आपल्या हिशेबानं सुरू होतो. हे मला कुठल्याही किमतीत सोडायचं नाही.

कोकणकाठ: अश्दोदकरांच्या बाजूनं एक मुद्दा. दाविद रहाबी हे धर्मशिक्षक कोकणात आले तेव्हा आपल्या बेने इस्राएल (कोकणातल्या यहुदी) पूर्वजांना फक्त शेमा पाठ होता, अशी आपली परंपरा सांगते. एक स्तोत्र येत नव्हतं, तरी ते यहुदीच राहिले.

तेहिलीमवाली: राहिले, खरंय. पण ते नाइलाजानं. शिकायला मिळाल्यावर त्यांनी काय केलं? १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकरांनी मुंबईत सिनेगॉग उभारलं आणि पुढे पूर्ण प्रार्थनाक्रम अंगी बाणवला. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं त्यांनी सगळं घेतलं, आणि आपण हातातलं टाकायच्या गोष्टी करतोय.

अश्दोदकर: ताई, वाराच्या स्तोत्राला मी हात लावत नाही, ते अमिदानंतर येतं आणि छोटं आहे. मात्र १४६ ते १४९ बद्दल मत तेच. तालमूदात रोज हल्लेल, म्हणजे ११३ ते ११८ ही स्तुतीची स्तोत्रं, म्हणणाऱ्याला निंदक म्हटलंय, म्हणून ती सणांसाठी राखून ठेवली. स्तुतीलाही मर्यादा आहे.

सिनेगॉगची_पायरी: त्याच चर्चेत रब्बी योसे म्हणतात, रोज हल्लेल पुरं करणाऱ्यांत माझा वाटा असो. आणि तालमूद लगेच खुलासा करतो की त्यांना सकाळची स्तोत्रं अभिप्रेत आहेत, म्हणजे तुम्हाला छाटायची आहेत तीच. दहा मिनिटं लवकर या.