कुंडीतील लिंबू: नवी पालवी पिवळी, लोहाची कमतरता की वाढलेला सामू (pH)?

माझ्याकडे 14 इंची कुंडीत तीन वर्षांचे कलमी लिंबाचे झाड आहे. त्याला आजवर केवळ सेंद्रिय खतेच दिली आहेत. गेल्या दोन महिन्यांपासून त्याची नवी पालवी पिवळी निघत असून, उपाय करण्यापूर्वी निदानाबाबत जाणकारांची मदत हवी आहे.

पिवळेपणा फक्त शेंड्याच्या कोवळ्या पानांवर आहे. खालची जुनी पाने गडद हिरवी आहेत. शेंड्याचे पान उजेडासमोर धरले, की फिकट पिवळ्या पानावर हिरव्या शिरांची बारीक जाळी स्पष्ट दिसते आणि अगदी वरची दोन-तीन पाने तर जवळजवळ पांढुरकी आहेत. पानांच्या मागची बाजू भिंगाने तपासली. कीड किंवा चिकटा आढळला नाही.

नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडले, तर झाड ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना पुरवते, म्हणून पिवळेपणा आधी खाली दिसायला हवा होता. लोह मात्र जुन्या पानांतून सहसा हलत नाही, त्यामुळे माझा संशय लोहावर आहे. जस्ताचाही विचार केला, पण त्यात नवी पाने लहान आणि अरुंद राहतात. इथे पानांचा आकार नेहमीचाच आहे.

खरा पेच यापुढे आहे. पालाश मिळावे म्हणून मी अनेक महिने दर पंधरा दिवसांनी दोन मुठी लाकडाची राख घालत होतो आणि पाणीही जड आहे. कुंडीच्या काठावर पांढरा थर धरला आहे. माती ऊर्ध्वपातित पाण्यात कालवून पट्टीने पाहिली, तर सामू 8 च्या आसपास, म्हणजे अल्कधर्मी आला, आणि लिंबाला किंचित आम्लधर्मी माती मानवते. म्हणजे लोह कुंडीत असूनही मुळांना घेता येत नसावे. तसे असेल, तर आणखी गांडूळखत घालून काय साधणार? पिवळे पान दिसले की मूठभर खत, ही सवय मला कुंडीच्या बाबतीत घातक वाटते, कारण तिथे चुकून जास्त पडलेले काहीही सहजासहजी बाहेर जात नाही.

दुसरी शक्यताही नाकारता येत नाही. मिश्रणात कोकोपीट बरेच आहे आणि पाणी दिल्यावर चौथ्या दिवशीही दोन बोटे खाली ओल लागते. मुळांना हवा मिळाली नाही, तरी लोहाचे शोषण मंदावते.

राख मी थांबवली आहे. आता मुळे गुदमरली आहेत की सामूच बाधतो आहे, हे झाड न उपटता कसे ओळखावे? गंधक मिसळले तर सूक्ष्मजीव सामू उतरवतात, पण त्याला वेळ लागतो. तोवर फेरस सल्फेटची (लोहाच्या क्षाराची) सौम्य फवारणी सेंद्रिय पद्धतीत बसते का, आणि पालवी फुटत असताना माती बदलणे झाडाला सोसेल का?