मदत हवी आहे: आईला गंगाखेडहून पुण्यात आणायचंय, पुनावळ्यातच राहू की चिंचवडकडे जाऊ?

नमस्कार मंडळी,

मी मूळची गंगाखेडची. जूनमध्ये हिंजवडी फेज ३ ला टेस्टिंगच्या कामाला लागले. पहिले चार महिने हिंजवडीजवळच्या माणमध्ये पीजीत काढले आणि ऑक्टोबरपासून पुनावळ्यात एका मैत्रिणीसोबत वन बीएचके घेतलाय, अकराव्या मजल्यावर. जानेवारीत तिचं लग्न आहे, म्हणजे फ्लॅट सोडायचा की एकटीनं ठेवायचा हे आताच ठरवावं लागणार. त्याच वेळी आईला इकडे आणावं असं मनात आहे. वडील तीन वर्षांपूर्वी गेले. आई एकटीच असते, वय ५८, बीपीच्या गोळ्या चालू आहेत आणि गुडघे दुखतात. ब्लाउज शिवून शिवून तिनं मला इंजिनिअर केलं. आता तिनं एकटीनं राहू नये, एवढंच मला वाटतं.

दिवाळीला तिला आठ दिवस घेऊन आले होते. पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी टाकीतलं पाणी संपलं आणि टँकर दुपारी आला. मी ऑफिसात होते. संध्याकाळी येऊन बघते तर ओट्यावर, ओट्याखाली, बाल्कनीत, जिथं जागा मिळेल तिथं भांडी भरून ठेवलेली. पातेली, डबे, कुकर, अगदी चहाची गाळणी ज्या वाटीत ठेवतो ती वाटीसुद्धा. म्हणाली, "पुन्हा कधी येईल कोणाला माहीत, तू थकून येशील तर पाणी असावं." गंगाखेडला गोदावरी असूनही उन्हाळ्यात नळाची वाट बघण्यात तिचं आयुष्य गेलंय. तिला त्या कटकटीतून सोडवावं म्हणून इथं आणलं, तर इथं तेच.

चौथ्या दिवशी तिनं करंज्यांचा डबा भरला आणि शेजारी द्यायला निघाली. समोरच्या दोन्ही दारांना कुलूप. खालच्या मजल्यावर एका ताईंनी दार उघडलं, डबा घेतला, गोड बोलल्या, पण मीटिंग चालू होती त्यांची, कानात हेडफोन. आई परत आली आणि मला विचारलं, "इथं कुणाचं दार उघडं नसतंच का गं?" त्यानंतर उरलेले दिवस ती बाल्कनीत बसून खालचा रस्ता बघत होती. मी रात्री नऊला यायचे तेव्हा जेवण झाकून ठेवलेलं असायचं आणि तीही जेवायची थांबलेली असायची.

माझं जाणं-येणं असं: सकाळी आठच्या आधी स्कूटी काढली तर अर्ध्या-पाऊण तासात पोचते, नऊला निघाले तर सव्वा तासही लागतो. संध्याकाळी भूमकर चौकात किती वेळ जाईल याचा नेमच नाही. आठवड्यातून तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घरून काम.

आता माझा प्रश्न. टीममधले सगळे म्हणतात पुनावळे, ताथवडे, वाकड सोडू नकोस, हिंजवडीची मेट्रो झाली की सगळं सोपं होईल. एक सिनियर मात्र म्हणाले की आईला आणायचं असेल तर जुन्या वस्तीत जा, चिंचवडगाव किंवा संत तुकारामनगर. तिकडची मला काहीच माहिती नाही. भाड्याला १६-१७ हजारांपर्यंत जाऊ शकते. पाणी, दवाखाना, आणि आईला पायी जाता येईल असं काहीतरी, हे तीन मला महत्त्वाचे. माझा प्रवास वाढला तरी चालेल.

आणखी एक. माणच्या पीजीवाल्यांनी माझं १२ हजारांचं डिपॉझिट अजून दिलेलं नाही. मी एक महिन्याची नोटीस दिली होती, तीही कागदावर नाही, व्हॉट्सअॅपवर. करार कसलाच नव्हता. आता आईला घेऊन घर बदलायचं तर पुन्हा असं व्हायला नको. काय काळजी घ्यावी?

जे इथं आधी येऊन स्थिरावलेत त्यांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

तुमचे सिनियर बरोबर सांगतायत. मेट्रोचं एक नीट समजून घ्या. माण-हिंजवडीची लाइन बालेवाडी, बाणेर, विद्यापीठ करत शिवाजीनगरला जाते. पुनावळ्याहून स्टेशनपर्यंत यायला तुम्हाला तोच रस्ता तुडवावा लागेल. म्हणजे ती सुरू झाली तरी पुनावळ्यात राहणाऱ्याची सुटका आपोआप होत नाही. बाणेर-बालेवाडीवाल्यांना फायदा, पण तिथली भाडी तुमच्या आवाक्याबाहेर.

संत तुकारामनगरला मी बारा वर्षं राहतोय. महापालिकेचं वायसीएम रुग्णालय तिथंच आहे, मेट्रोचं स्टेशन आहे आणि वल्लभनगरचा एसटी स्टँड स्टेशनला लागूनच. मराठवाड्याच्या गाड्या तिथं येतात. आईला गावी जायचं झालं तर तुम्ही सुट्टी काढून सोडायला जायची गरज नाही. त्यांच्या त्या जाऊ शकतील, आणि हे त्यांच्या दृष्टीनं फार मोठं आहे. इथं आलेली आई परत जाऊच शकत नाही असं तिला वाटायला लागलं की ती आतून खचते. माझ्या आईचं तेच झालं होतं.

प्रतिसाद

पाण्याचं सांगते. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआडच पाणी येतं, तेव्हा चिंचवडला गेलात म्हणून रोज नळ वाहील असं नाही. फरक इतकाच की जुन्या बिल्डिंगीत बारा-सोळा घरं आणि खाली मोठी टाकी, त्यामुळे एका दिवसाचं पाणी दोन दिवस पुरतं. तुमच्याकडे एका टॉवरमध्ये शे-सव्वाशे घरं आणि महापालिकेचं पाणी अपुरं, मग टँकर. घर बघायला रविवारी जाऊ नका. मधल्या वारी सकाळी जा, नळ सोडून बघा आणि वॉचमनला विचारा की मे महिन्यात किती टँकर आले. तो खरं सांगतो, एजंट सांगत नाही.

जुन्या बिल्डिंगीत लिफ्ट नसते हे विसरू नका. गुडघे दुखतात म्हणताय, तर तळमजला किंवा पहिला मजला, त्याच्या वर बघूच नका.

प्रतिसाद

कराराबद्दल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५. लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे भाड्यानं राहण्याचा, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. अकरा महिन्यांचा आहे म्हणून नोंदणी नको, हे खोटं आहे. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, भाडेकरूची नाही. नोंदवला नसेल आणि वाद झाला तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्या खऱ्या धरल्या जातात, उलटं सिद्ध करायचं काम मालकाचं. आता सगळं ऑनलाइन होतं, एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो. करारात डिपॉझिट किती आणि घर सोडल्यावर किती दिवसांत परत, हे दोन्ही लिहून घ्या. चावी घेण्याआधी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, मोरी आणि गिझरसकट.

पीजीचं: पैसे यूपीआयनं दिलेत ना? मग पुरावा आहे. त्या व्यवहारांचे आणि व्हॉट्सअॅपवरच्या नोटिशीचे स्क्रीनशॉट जोडून पंधरा दिवसांची मुदत देणारं पत्र स्पीड पोस्टानं पाठवा. बऱ्याचदा तेवढ्यावरच पैसे येतात. नाही आले तर वकिलाची नोटीस.

प्रतिसाद

बाळा, मी चिंचवडगावात राहते, तुझ्या आईच्याच वयाची आहे. लेकानं मला धाराशिवहून आणलं त्याला नऊ वर्षं झाली. पहिलं वर्ष मी फार रडले, हे कुणालाच सांगितलं नव्हतं. मग मोरया गोसावींच्या देवळात जायला लागले, नदीकाठी आहे, सकाळी बायका असतात. तिथून भजनात ओळखी झाल्या. तुझी आई जनाबाईच्या गावची, अभंग तोंडपाठ असतील. आळंदीही इथून फार लांब नाही.

पण एक कर. गावचं घर रिकामं करू नकोस आणि भाड्यानंही देऊ नकोस, निदान वर्षभर. आणि येताना तिचं मशीन आण. रिकाम्या हातानं बसवलंस तर कुठल्याही मजल्यावर तिला करमणार नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. मशीनचं मला सुचलंच नव्हतं. आई आली की तिला आराम, एवढंच डोक्यात होतं.

काल सुट्टी टाकून चिंचवडगावात दोन घरं बघितली. पहिलं तिसऱ्या मजल्यावर, सोडून दिलं. दुसरं पहिल्या मजल्यावर, १५ हजार भाडं, डिपॉझिट ५० हजार. नळाला पाणी होतं. जिन्यात एक आजी शेंगा निवडत बसल्या होत्या, त्यांनी मला कुठली, कोणाची, सगळं विचारलं आणि पाणी प्यायला दिलं. रात्री आईला फोनवर हे सांगितलं तर तिनं भाडं विचारलं नाही, खोल्या किती तेही विचारलं नाही. "दार उघडं होतं का त्यांचं?" एवढंच. होतं म्हटलं.

मालक म्हणाले नोटरीचा करार करू, नोंदणी कशाला. मी कलम ५५ सांगितलं, तर दोन दिवसांत कळवतो म्हणाले. ते अडून बसले तर घर सोडावं का? नोंदणीचा खर्च मी दिला तर तयार होतील असं वाटतंय, तसं करण्यात काही धोका नाही ना?

आणि कुणी मराठवाड्यातून पायाचं शिलाई मशीन आणलंय का? ट्रॅव्हल्सच्या डिकीत घेतात, की टेबल वेगळं काढून पार्सलनं पाठवावं लागतं? मशीन लोखंडी पायाचं आहे, वीस-बावीस वर्षांचं. नवीन घेऊ म्हटलं तर आई ऐकत नाही.