मदत हवी आहे: कार्ड मिरजेचं, घर कोथरूडला, २० नोव्हेंबरला मत देता येईल का?

मिरजकरीण | १६ ऑक्टोबर २०२४

नमस्कार मंडळी. काल विधानसभेच्या तारखा जाहीर झाल्या आणि आमच्याकडे जेवताना माझ्या मे महिन्यातल्या फजितीची उजळणी झाली. आधी तीच सांगते, म्हणजे प्रश्न कळेल.

लग्न होऊन सात वर्षं झाली, तेव्हापासून कोथरूडला राहते. मतदार कार्ड मात्र माहेरचं, कॉलेजात असताना काढलेलं. लोकसभेला १३ मे रोजी नवऱ्याबरोबर मीही रांगेत उभी राहिले, चांगला सव्वा तास. आत टेबलावरच्या बाईंनी यादीवर पट्टी ठेवली, एकेक ओळ खाली सरकवत गेल्या, पान उलटलं, पुन्हा वर आल्या. मग कार्ड उलटं करून पत्ता वाचला. "हे मिरजेचं आहे. इथे नाव नाही तुमचं." आणि मिरजेचं मतदान तर ७ मेलाच होऊन गेलेलं! म्हणजे तेलही गेलं, तूपही गेलं. नवरा संध्याकाळपर्यंत शाईचं बोट नाचवत फिरत होता.

मला खरंच वाटायचं की कार्ड जवळ असलं की झालं.

मागच्या महिन्यात ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या एका दुकानात गेले. तो म्हणाला, "नवीनच काढू ताई, सहा नंबरचा फॉर्म, पटकन होतं." भरलासुद्धा. शेवटी पाठवायच्या आधी खालचं घोषणापत्र वाचलं तर त्यात लिहिलेलं की मी पहिल्यांदाच नोंदणी करते आहे आणि माझं नाव दुसऱ्या कुठल्याच मतदारसंघाच्या यादीत नाही. माझं तर आहे! कागद उचलले आणि घरी आले. पन्नास रुपये मात्र त्याने सोडले नाहीत.

तर आता नवीन अर्ज करायचा की बदलीचा? कार्डावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, हे चालेल का? शिवाय भाचा आमच्याकडे राहून इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. ३ नोव्हेंबरला, नेमका भाऊबीजेला, अठरा पूर्ण होतील. मतदान २० ला, त्यामुळे तो आत्तापासूनच कुणाला मत द्यायचं यावर वाद घालतोय. आणि सासूबाई ८७ वर्षांच्या, गुडघे पार गेलेत, मे महिन्यात त्यांना खुर्चीत बसवून नेलं होतं. त्यांच्यासाठी घरी मतदानाची सोय असते म्हणे, ती कशी मिळवायची?

वेळ थोडा आहे. कृपया माहिती असणाऱ्यांनीच सांगा, "बहुतेक" नको.

रामभरोसे | १६ ऑक्टोबर

ताई, सोप्पं आहे. २० तारखेला मिरजेला जा, मत द्या, आईच्या हातचं जेवा, परत या. यंदा अख्ख्या राज्यात एकाच दिवशी मतदान आहे, त्यामुळे तारीख तरी चुकणार नाही. हलके घ्या.

खडूफळा | १६ ऑक्टोबर

मी शाळेत शिकवतो आणि गेली काही वर्षं बीएलओचं, म्हणजे आपल्या भागाची मतदारयादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचं, काम अंगावर आहे, त्यामुळे हे रोजचंच.

ताई, तो अर्ज पाठवला नाहीत हे फार बरं केलंत. सहा नंबरचा फॉर्म फक्त पहिल्यांदा नाव घालणाऱ्यासाठी. आधीचं नाव असताना तो भरला की दोन ठिकाणी नोंद होते. ते १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याला धरून नाही, आणि खोटं घोषणापत्र दिलं म्हणून त्याच कायद्याच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दुकानदाराला काय, सही तुमची.

तुमचा फॉर्म आठ नंबरचा. २०२२ पासून स्थलांतर, नोंदीतली दुरुस्ती, हरवलेल्या कार्डाच्या बदली कार्ड आणि दिव्यांग म्हणून नोंद, ही चारही कामं याच फॉर्मवर होतात. पण एका अर्जात एकाच कारणापुढे खूण करायची. तुमची दोन कामं आहेत, पत्ता आणि नाव. आत्ता फक्त पत्ता करा. नावाच्या मागे लागलात तर दोन्ही अर्धवट राहील. आठ नंबर मंजूर झाला की मिरजेची नोंद निघते आणि कोथरूडची होते, कार्डाचा नंबर तोच राहतो. तीन अक्षरं आणि सात आकडे असा तो नंबर जपून ठेवा, सगळं त्यावरच चालतं.

पत्त्याला पुरावा म्हणून आधार चालेल, नाहीतर नवऱ्याच्या नावाचं लाइटबिल लावा, जोडीदाराच्या नावचं चालतं. बिल मात्र निदान एक वर्ष त्या नावाने येत असावं. अर्ज निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर किंवा व्होटर हेल्पलाइन ॲपवर करा. फुकट आहे, पन्नास रुपये कुणालाही देऊ नका.

आता घाईचं. उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर आहे, त्यानंतर यादीला कुणालाच हात लावता येत नाही. तुमचा अर्ज आला की हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागतात, शिवाय आम्ही दारात येऊन पडताळणी करतो. हा हिशेब धरून १९ तारखेपर्यंत आलेलेच अर्ज या निवडणुकीसाठी घेतात. आज १६ आहे. प्रतिसाद वाचत बसू नका, आधी अर्ज करा.

रामभरोसे, तुमची गंमत तशी अगदीच गंमत नाही. नाव जिथे यादीत आहे तिथेच मत देता येतं, आणि अर्ज वेळेत मंजूर झाला नाही तर मिरजेच्या यादीत नाव असेल तोवर हाच मार्ग उरतो. पण राहतो एकीकडे आणि यादीत दुसरीकडे हे वर्षानुवर्षं चालू ठेवायचं नसतं.

खडूफळा | १६ ऑक्टोबर

भाच्याचं राहिलंच. त्याला वाईट वाटेल, पण यंदा नाही. मतदानाच्या दिवशी तुमचं वय किती हे बघतच नाहीत, अर्हता दिनांकाला किती हे बघतात. पूर्वी वर्षात एकच तारीख असायची, १ जानेवारी. २०२२ पासून चार झाल्या: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. त्याचे अठरा ३ नोव्हेंबरला, म्हणजे त्याला लागू होणार १ जानेवारी २०२५. मतदानाच्या दिवशी तो कायद्याने सज्ञान असेल, पण मतदार नसेल. सतरा पूर्ण असले की सहा नंबरचा अर्ज आगाऊ देता येतो, तेवढं मात्र त्याने आत्ताच करून टाकावं. आणि समजूत काढायची असेल तर सांगा, १९८९ पर्यंत एकवीस पूर्ण व्हावे लागायचे.

गावाकडचा | १७ ऑक्टोबर

गुरुजी, याच धाग्यात विचारतो. गावी घर आणि शेती, पुण्यात स्वतःचा फ्लॅट. दोन्हीकडे घरपट्टी भरतो. मग नाव दोन्हीकडे का नको?

खडूफळा | १७ ऑक्टोबर

कारण मत घराला नसतं, राहणाऱ्याला असतं. त्याच कायद्याच्या कलम २० मध्ये स्पष्ट आहे की एखाद्या ठिकाणी घर मालकीचं आहे एवढ्यावरून तुम्ही तिथले रहिवासी ठरत नाही. नेहमी राहता कुठे ते ठरवा. दुसरीकडचं नाव सात नंबरचा फॉर्म भरून स्वतःच काढून घ्या.

सोनचाफा | १७ ऑक्टोबर

सासूबाईंबद्दल सांगते, कारण लोकसभेला माझ्या वडिलांचं मत घरूनच झालं. या वर्षी वयाची अट ८० वरून ८५ केली आहे, सासूबाई त्यात बसतात. (४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असणाऱ्यांनाही ही सोय आहे, तिथे वय लागत नाही.) फॉर्म १२ डी. अधिसूचना निघाली की पाच दिवसांत तो द्यावा लागतो. अधिसूचना २२ तारखेला आहे, त्यामुळे बीएलओची वाट बघत बसू नका, आपणच फोन करा. आमच्याकडे ते स्वतः फॉर्म घेऊन आले होते, पण शेजारच्या इमारतीत आलेच नाहीत.

ठरलेल्या दिवशी दोन मतदान अधिकारी, पोलीस आणि व्हिडिओ काढणारा अशी मंडळी येतात. घरी मशीन नसतं, कागदी मतपत्रिका असते. जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला आणि आम्हा सगळ्यांना आतल्या खोलीत पाठवलं. बाबांनी खूण करायला पाच मिनिटं घेतली. मग घडी, पाकीट, आणि ते पेटीत. एक लक्षात ठेवा, हा पर्याय मंजूर झाला की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. सासूबाईंना रांगेत मैत्रिणी भेटण्याचीच हौस असेल तर आधी त्यांना विचारा.

कडुनिंब | १८ ऑक्टोबर

वाचनखूण साठवली. अवांतर होतंय, पण विचारतो. मागे एकदा मी केंद्रावर पोचलो तर माझ्या नावापुढे खूण झालेली होती, कुणीतरी आधीच मत देऊन गेलेलं. मी वैतागून परत आलो. काही करता आलं असतं का?

खडूफळा | १८ ऑक्टोबर

परत यायचं नव्हतं. केंद्राध्यक्षाला सांगायचं, "मला टेंडर वोट द्यायचं आहे." मराठीत प्रदत्त मत. १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांतल्या ४९ पी नियमाने ही तरतूद आहे. ते चार प्रश्न विचारून तुमची ओळख पटवतात आणि मशीनऐवजी कागदी मतपत्रिका देतात. ती वेगळ्या पाकिटात राहते. मोजणीच्या दिवशी सरसकट मोजत नाहीत हे खरं, पण तुम्ही आला होता याची नोंद तरी राहते. घरी परतलात की तीही नाही.

मिरजकरीण | १८ ऑक्टोबर

फॉर्म आठ भरला! ॲपवर रात्री साडेदहाला. फोटो तीन वेळा परत आला, मागची भिंत पांढरी हवी होती आणि आमची आहे पिस्ता रंगाची. शेवटी चादर लावली. संदर्भ क्रमांक मिळाला आहे. गुरुजी, तुम्ही दटावलं नसतं तर रविवारी निवांत भरते म्हणून बसले असते. भाच्याने तुमचं उत्तर दोनदा वाचलं आणि तो आता एकवीसचे अठरा करणारी घटनादुरुस्ती वाचतोय. सासूबाई म्हणाल्या, घरी कशाला, मी मेलेली नाही अजून. त्यांना केंद्रावरच जायचं आहे.

मिरजकरीण | २६ ऑक्टोबर

काल संध्याकाळी बीएलओ बाई आल्या होत्या. अंगणवाडीचं काम उरकून आल्या होत्या, हातात याद्यांची गठ्ठाभर पानं. दार उघडल्याबरोबर "तुम्हीच ना?" म्हणून फोटो ताडून बघितला, लाइटबिल बघितलं, शेजाऱ्यांना माझं नाव विचारलं. चकल्यांचा घाणा चालू होता. दोन खाल्ल्या आणि पुढच्या मजल्यावर गेल्या. सासूबाईंसाठी व्हीलचेअर लागेल हेही त्यांना सांगून ठेवलं.

खडूफळा | २७ ऑक्टोबर

छान. आता अर्ज मंजूर झाला एवढ्यावर थांबू नका, कार्डाचा नंबर टाकून यादीत नाव शोधा आणि भाग क्रमांक व अनुक्रमांक कागदावर उतरवून ठेवा. फोनमध्ये नको, फोन केंद्रात नेता येत नाही. म्हणून डिजिटल कार्डावरही विसंबू नका. बीएलओ जी मतदार माहिती चिठ्ठी देतो ती नुसती दाखवून चालत नाही, ओळखपत्र वेगळं लागतं. तुमचं मिरजेचं जुनं कार्ड चालेल, नाव कोथरूडच्या त्या केंद्राच्या यादीत आलेलं असलं म्हणजे झालं. तरी आधार बरोबर ठेवा. पासपोर्ट, लायसन्स, पॅन, बँकेचं फोटो असलेलं पासबुक, हेही चालतं.

मिरजकरीण | २० नोव्हेंबर

दिलं मत!

यादीत नाव आलं होतं, पण नावाची दुरुस्ती केली नव्हती ना, त्यामुळे माहेरचं. पहिल्या अधिकाऱ्यांनी अनुक्रमांक आणि नाव मोठ्याने वाचलं, मागे बसलेल्या पक्षांच्या प्रतिनिधींना ऐकू जावं म्हणून तसंच वाचतात. सात वर्षांनी कुणीतरी मला त्या आडनावाने हाक मारली आणि मी शाळेतल्यासारखी "हजर" म्हणता म्हणता राहिले. जुनं कार्ड दाखवलं, कुणी काही विचारलं नाही. पुढे रजिस्टरमध्ये सही, डाव्या तर्जनीला शाई, हातात चिठ्ठी. तिसऱ्यांनी चिठ्ठी घेऊन त्यांच्याकडचं बटण दाबलं आणि मी आडोशामागे गेले. निळं बटण दाबल्यावर बाजूच्या काचेत चिठ्ठी दिसते ती सात सेकंद. मला वाटलं होतं डोळा लवतो न लवतो तोवर जाईल, पण नीट वाचून होते. मग लांब बीप.

सासूबाई व्हीलचेअरवरून गेल्या, रांग न लावता. बाहेर आल्यावर पहिली तक्रार, "रांगेत कोण कोण होतं ते बघायलाच मिळालं नाही." भाचा फाटकाबाहेर सगळ्यांचे फोन सांभाळत उभा होता. सहा नंबरचा अर्ज भरलाय त्याने.

गुरुजी, आता दुसरा आठ नंबर भरून आडनाव बदलून घेऊ का? खरं सांगायचं तर आज ते ऐकल्यावर बदलावंसं वाटत नाहीये.

खडूफळा | २० नोव्हेंबर

घाई काहीच नाही, दुरुस्ती कधीही करता येते. ठेवलंत तरी कायद्याला अडचण नाही. मी आत्ता मतदान साहित्य जमा करायच्या रांगेत उभा आहे, नंबर यायला अजून तासभर आहे. अजून कुणाचा काही प्रश्न असेल तर विचारून घ्या.